हॅबगुडची बॅटरी

सायरशॅमच्या रॉडनी हॅबगुडने उमेदीची वर्षं दुधाच्या गाड्यांवर घालवली. नॉर्थॅम्प्टनच्या डेअरीच्या त्या विजेवरच्या गाड्या. पहाटे बाटल्या खुळखुळवत निघायच्या आणि एखाद्या म्हातारीने सायकलवरून मागे टाकावं अशा झोकात गावभर फिरायच्या. त्यांच्या बॅटऱ्यांची आजारपणं रॉडनी काढायचा. पुढे लोक दूध सुपरमार्केटातून आणू लागले, डेअरी बसली, आणि रॉडनी जाऊन पडला तो थेट शर्यतीच्या गाडीवर. नशिबाला थट्टेची लहर येते ती अशी.

त्या साली शर्यतींना नवा नियम आला होता. ब्रेक दाबला की जी ताकद नुसती उष्णता होऊन वाया जाते, ती पकडून बॅटरीत साठवायची आणि सरळ रस्ता आला की चालकाने बटण दाबून ती परत घ्यायची. ब्लेकमोर संघाकडे इंजिनवाले पोत्याने होते. पण विजेला हात लावायचा म्हटलं की एकेकाला बायकापोरं आठवायची. म्हणून रॉडनी. दोन हिवाळे खपून त्याने ती बॅटरी उभी केली. "माझ्याशी बोलतोस त्याहून जास्त तिच्याशी बोलतोस," असं त्याची बायको पॉलीन म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

पण बॅटरी जड होती. मुख्य इंजिनियर फियोना ॲस्पिनॉलने सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीआधी त्याला स्पष्टच सांगितलं, "रॉड, इथे शेवटपर्यंत चालली तर ठेवते. नाहीतर काढायची. मला वरच्यांना तोंड द्यायचंय."

शर्यतीच्या दिवशी सकाळी जूनच्या मानाने चांगलंच गारठलं होतं. अशा हवेत बॅटरीकडे वारा नेणाऱ्या तोंडावर चिकटपट्टी लावून ते अर्धं बुजवतात. बॅटरी गार पडत नाही आणि गाडीही वारा जरा सफाईने कापते. गाड्या सुटायच्या आधी मेकॅनिक डेस क्रटवेलने विचारलं, "काय दूधवाले, पट्टी काढू का?"

रॉडनीने वर पाहिलं. त्या भागातल्या प्रत्येक माणसाला आभाळ वाचता येतं, आणि प्रत्येकजण सख्ख्या बहिणीच्या लग्नात चिंब भिजलेला असतो.

"राहू दे. हे ढग चहापर्यंत हलत नाहीत."

"तू म्हणशील तसं. तुझीच गाय आहे."

गाड्या सुटल्या, आणि थोड्याच फेऱ्यांत असं लख्ख ऊन पडलं की समोरच्या प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये लोकांनी कोट काढले. रॉडनीच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा चढू लागला. गाडीतून सगळे आकडे येतात; इकडून मात्र आवाजाखेरीज काही पाठवायचं नाही असा नियम. आजाऱ्याची नाडी दिसते, औषध देता येत नाही.

"फियोना, त्याला वापर थांबवायला सांग. ऊन पडलंय आणि पट्टी तशीच आहे. मीच राहू दिली."

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि चालकाला निरोप दिला. रेडिओवर मिकेलचा आवाज खरखरला, "आठवा आहे मी! आठव्यापर्यंतच गुण मिळतात! बटण सोडलं तर मागचा सरळ रस्त्यावर खाईल मला!"

"मिकेल, बंद कर."

"एवढी फेरी!"

ती फेरी झाली, आणखी एक झाली. बटण दाबलं की आकडा उडी मारायचा. रॉडनी पडद्याला म्हणत होता, "पुरे रे बाळा, पुरे." बाळ बॅटरी की मिकेल, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"आत बोलाव त्याला," तो म्हणाला. "मी तयार राहतो. पट्टी ओढायला काय लागतं? एक हिसका!"

फियोनाने बोलावलं. रॉडनी रबरी हातमोजे चढवून बाहेर धावला. गाडी वळून आत शिरली तेव्हा तिच्यावरचा छोटा दिवा हिरवा होता. जागेवर येऊन थांबली आणि लाल झाला. लाल म्हणजे वीज कुठेतरी गाडीच्या अंगात उतरली. गाडीला कुणी शिवायचं नाही, हातमोजेवाल्यानेही नाही. डेसने दोन्ही हात खिशात घातले. बाकीच्यांनीही घातले. रॉडनीनेच त्यांना तशी सवय लावली होती.

पट्टी त्याच्यापासून हातभर लांब होती. तिचं एक टोक सुटून वाऱ्यावर फडफडत होतं.

"रॉड, मागे हो," फियोना म्हणाली.

मिकेल सीटवर उभा राहिला आणि गाडी आणि जमीन एकाच वेळी न शिवता दोन्ही पायांनी लांब उडी मारून उतरला. बाजूने बारीक धूर निघाला. इतर गाड्या गर्जत पुढे जात राहिल्या आणि रॉडनी हातमोज्यांतले हात पोटाशी धरून उभा राहिला.

सोमवारी बॅटरी उतरवायचं कामही त्याच्याकडेच आलं. दुसऱ्या कुणाला हात लावायची परवानगीच नव्हती. तारा सोडवल्या, पेटी खाली घेतली. गाडीचं वजन नियमात बसायला हवं म्हणून रिकाम्या जागी, तोल साधेल तशा अगदी तळाशी, धातूच्या पट्ट्या ठोकायच्या होत्या, त्याही त्यानेच ठोकल्या. डेसने चहाचा कप आणून शेजारी ठेवला. दुधावरून काही बोलला नाही.

पुढच्या सरावात मिकेल दोन फेऱ्या मारून आला, हेल्मेट काढलं आणि रॉडनीच्या पाठीवर थाप मारली.

"काय केलंस रे तू? वळणावर गाडी आता कशी लोण्यासारखी वळते!"

"काही नाही," रॉडनी म्हणाला. "लोखंड भरलंय."