पारधीच्या पटातला थांबायचा नियम

येसाजीच्या पडवीत कोळशाने काढलेला एक पट असायचा. मुरुडमागच्या डोंगराखाली आमची वाडी, घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्या पटावरची भांडणं मला चूल फुंकतानाही ऐकू यायची. चिंचोके म्हणजे बंदूकवाले आणि सुपारी म्हणजे डुक्कर. कवड्या चार. एक जरी उताणी पडली तरी बार उडाला. मग त्या चिंचोक्याने दोन पाळ्या गप्प बसायचं, कारण ठासणीच्या बंदुकीत दारू ओतून, गजाने ठासून, छर्रे भरायला वेळ लागतो.

आणि चारही पालथ्या पडल्या तर बार अडकला. तिथे येसाजी कुणाचं ऐकत नसे. पुढची पाळी येईपर्यंत चिंचोक्याला हात लावायचा नाही, बंदूक डुकरावरच रोखलेली. दमट दारू तिच्या मनाला येईल तेव्हा पेटते, असं तो म्हणायचा.

हे त्याने हौसेने ठरवलं नव्हतं. संस्थान होतं तोवर तो शिकाऱ्यांच्या मागून बंदुका भरत फिरला. एकदा बार अडकला आणि काय झालं ते बघायला त्याच्या भावाने, भागोजीने, नळी आपल्याकडे वळवली. बार तेव्हा उडाला. पुढे संस्थान विलीन झालं, येसाजी घरी बसला आणि एकुलत्या एक लेकीसाठी, राहीसाठी, त्याने घरजावई आणला, गुणाजी. कामाला वाघ, स्वभावाने लाखात एक, पण उठसूट आपल्या बापाची ठासणीची बंदूक घेऊन रानात. सासऱ्याने सांगून पाहिलं, जावई हसला. म्हणून हा पट. कानाला कळत नाही ते हाताला तरी कळेल, एवढीच बिचाऱ्याची आशा.

गुणाजी खेळात रंगायचा, पण कवड्या पालथ्या पडल्या की चिडायचा. "मामा, हात बांधून बसायला पट कशाला? त्यापरीस रान बरं." आणि उठून बंदूक खांद्याला लावायचा.

राहीला तिसरा महिना होता. एक दिवस ती बापापुढे रडली. "बा, तेवढं थांबायचं काढून टाक. खेळात रमले तर घरात तरी राहतील."

"अगं, त्याच्यासाठीच तर पट हाय."

"मानूसच घरात न्हाय, तर तुझा पट काय चाटायचाय?"

मग तिने जेवण सोडलं. दिवस गेलेल्या लेकीच्या उपासापुढे बाप किती टिकणार? येसाजीने नियम काढून टाकला. पालथ्या पडल्या की चिंचोका मागे घ्यायचा आणि लगेच पुन्हा भरायचा. खेळाला वेग आला. सगळी थंडी गुणाजी पडवीत बसला, राहीला हसू फुटलं, मीसुद्धा म्हटलं, सुटली पोर. येसाजी मात्र पालथ्या कवड्या दिसल्या की सवयीने "थांबा" म्हणायचा. गुणाजीचा हात तोवर चिंचोका घेऊन मागे आलेला असायचा. येसाजी त्या हाताकडे बघत राहायचा.

शिमग्याची पारध काही चुकत नाही, घरटी एक माणूस जावाच लागतो. येसाजी म्हणाला, मी जातो.

"सासरा रानात नि जावय घरात? गाव काय म्हनंल, मामा?" गुणाजी निघाला. येसाजी त्याच्या मागोमाग चालत राहिला.

हाकाऱ्यांनी डुक्कर उठवलं. गुणाजीने चाप ओढला, घोडा पडला, पण बार नाही. "थांबा, गुणाजीराव," येसाजी मागून ओरडला. गुणाजीने तोवर बंदूक जमिनीला टेकवून पुन्हा भरायला नळी आपल्याकडे घेतली होती. थंडीभर पटावर केलं तसंच. बार तेव्हा उडाला.

लोक म्हणाले, दैव. मला त्या शब्दाचा अजून संताप येतो.

राही बाळंत झाली. येसाजी ताटावरून तसाच उठायचा. हा बापही जातो आता, या धास्तीने राही सुकत चालली. एका दुपारी तिने पडवी सारवली, वाळल्यावर स्वतःच कोळशाने पट काढला, मूल माझ्या मांडीवर दिलं आणि बापाला समोर बसवलं. तो कवड्या हातात घेईना. मग तीच टाकत राहिली, एकदा चारही पालथ्या पडेपर्यंत.

तिने चिंचोक्याला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. येसाजी तिच्या हातांकडे बघत होता. त्याला रडू आलं ते तेव्हा, इतक्या दिवसांनी.

"नियम मी काढून टाकला, पोरी."

"मी काढाय लावला," राही म्हणाली, आणि पाळी येईपर्यंत तशीच बसून राहिली.