लगद्यात गेलेलं अक्षर

महिन्याभरापूर्वी कुरुंदवाडहून फोन आला, "अण्णा गेले." मी फोन ठेवला आणि कानात घरघर सुरू झाली, पल्परची.

नव्वदच्या दशकात कोल्हापूरजवळच्या एका कागद कारखान्यात मी शिफ्ट इंजिनिअर होतो आणि अण्णा पल्पर चालवायचे. पल्पर म्हणजे पाण्याचा खोल हौद. तळाशी पातं फिरतं आणि रद्दीचा बघता बघता लगदा होतो. अण्णांचं बोलणं त्या घरघरीवरून ऐकू जाईल इतकं मोठ्यानं. त्यांची एकुलती एक मुलगी शैला दहावीची परीक्षा देऊन तापानं गेली. निकाल नंतर लागला... पहिल्या वर्गात पास. त्यानंतर कितीतरी दिवस अण्णा कुजबुजल्यासारखं बोलत.

पुढच्या वर्षी बोर्डाकडून दहावीच्या जुन्या उत्तरपत्रिकांचा ट्रक आला. सोबत देखरेखीला एक कारकून. दुपारी तो तणतणत माझ्याकडे आला. जाऊन बघतो तर मशीन बंद, आणि अण्णा गठ्ठे सोडून एकेक उत्तरपत्रिका उघडतायत. उत्तरपत्रिकांवर नाव नसतंच, नंबराची पहिली पानंही फाडून टाकलेली. अण्णा शैलाचं अक्षर शोधत होते.

"अण्णा, मशीन सुरू करा."

"एवढा एक गठ्ठा बघू द्या की, साहेब. ह्यात हाय ती."

कारकून घड्याळ बघत होता. मी गठ्ठा त्यांच्या हातातून काढून घेतला, हौदात टाकला आणि बटण दाबलं. अण्णा काठावर उभे राहून बघत राहिले. शाईनं पाणी निळसर झालं होतं.

पुढं कित्येक वर्षं आम्ही एकत्र काम केलं. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. माझं बोट मात्र त्या बटणाशी अडखळायचं. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी धीर करून म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी माझं चुकलं."

"घावली हुती मला," ते म्हणाले. "तुम्ही यायच्या आदी. मराठीचा पेपर. सरकारी कागद, घरी कसा न्यायचा? मीच सोडला आत... बाकीचं विषय बघायचं ऱ्हायलं."

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहाबरोबर द्यायला फुटाण्याची पुडी सोडली. पुडी कुणाच्या तरी वहीच्या पानाची होती. फुटाणे ताटलीत ओतून त्यांनी ते पान मांडीवर सरळ केलं, उजेडाला धरून दोन्ही बाजूंनी बघितलं आणि कोनाड्यातल्या तसल्याच पानांच्या चळतीवर ठेवलं.

"ह्यांची सवय," त्या म्हणाल्या. "आता मी बघती."