धुक्याआडचा डोंगर आणि काकूचं कपाळ

अन्याय झाला तो माझ्या काकूवर. २०१६च्या चैत्रात, हळदीकुंकवाच्या रविवारी, चहाच्या जरा आधी, सिंगापूरच्या पुंगोल भागातल्या तिच्याच ब्लॉकखाली, व्हॉइड डेकवर, म्हणजे तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत. एरवी तिथे शेजाऱ्यांची लग्नं लागतात, म्हातारे लोक पट मांडून बसतात. त्या दिवशी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या बायकांनी चटया टाकून गौर मांडली होती. सगळ्यांसाठी आंब्याची डाळ काकूने केली होती. लिटिल इंडियात जाऊन एकेक कैरी दाबून बघून आणलेली. बायका ओळीने बसल्या. करंडा घेतलेली बाई ओळीने येत काकूपाशी पोचली. बोट कुंकवात बुडवलेलं होतं. ते बोट काकूला ओलांडून पुढच्या कपाळाला गेलं. मग तिने मागे वळून काकूच्या हातात मोगऱ्याचं फूल ठेवलं आणि हळूच म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस हं. आपलं आपल्याला माहीत असतंच." काका आदल्या दिवाळीत अचानक गेले होते. डाळ मात्र त्या बाईने दोनदा घेतली.

मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं मी का लिहितेय ते कळेल. पुण्यात कॉलेजात असताना मी चौकात पत्रकं वाटायचे, आणि लिहायला शिकले ती पत्रकं लिहूनच. वाक्य छोटं ठेवायचं. अन्याय पहिल्या ओळीत, मागणी शेवटच्या ओळीत. देवाशी माझं भांडण नव्हतं, कारण ओळखच नव्हती. पुढे संशोधनासाठी सिंगापूरला आले, क्लेमेंटीत एक खोली भाड्याने घेतली, आणि दर शनिवारी एमआरटीने, इथल्या मेट्रोने, या टोकाहून त्या टोकाला, पुंगोलला, काकाकाकूंकडे जेवायला जायला लागले. काका बँकेत होते. घरी दीड दिवसाचा गणपती असायचा. सगळे आरतीला उभे राहिले की मी स्वयंपाकघराच्या दारात, हाताची घडी घालून. काका आरती न थांबवता माझ्याकडे बघायचे आणि नंतर म्हणायचे, "कॉम्रेड, टाळ्या तरी वाजवत जा. टाळ्यांना धर्म नसतो." मी कधी वाजवल्या नाहीत. ते दर वर्षी हसायचे.

तर त्या रविवारी संध्याकाळी मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पत्रक लिहून टाकलं. चांगलं होतं ते, आजही मला त्यातला एक शब्द बदलावासा वाटत नाही. त्यावर हात जोडलेली चित्रं आली, दोघींनी 'परंपरा' हा शब्द लिहिला, एका गृहस्थांनी विषय बदलून पार्किंगबद्दल विचारलं. आणि काकूचा फोन आला. बुओना व्हिस्टाच्या एका कंपनीत ती अकाउंट्सची प्रमुख आहे. तिच्या टेबलासमोर उभं राहायला भलेभले कचरतात. ती मला म्हणाली, "काढून टाक ते. तिचं काय चुकलं? चुकलं माझंच. मी त्या ओळीत बसायलाच नको होतं." मला बाईच्या बोटाचा राग आला होता त्याच्या दसपट राग या वाक्याचा आला. पण या वाक्याला पत्रक कुठे चिकटवायचं?

त्या दिवसापासून काकूने देवघराची दारं लावून घेतली. संध्याकाळचा दिवा बंद झाला. तिची मुलगी ईशा, तेव्हा चौदा वर्षांची, एका शनिवारी जेवताना, इथल्या मुलांसारखं वाक्याला 'लाह' जोडत, म्हणाली, "आई, यू नो व्हॉट, घर लाइक हॉटेल झालंय लाह." काकूने तिला भात वाढला आणि सांगून टाकलं की यंदा गणपती आणायचा नाही. मंडळ दर वर्षी पेणहून मूर्ती मागवतं, त्याची ऑर्डर जूनअखेर द्यावी लागते. काकूने ती द्यायची नाही असं ठरवलं होतं. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं, एक देव कमी झाला. बरं वाटलं नाही. त्या घरातून तेलवातीचा वास गेला होता, आणि त्या वासाबरोबर काका दुसऱ्यांदा गेले होते. संध्याकाळी सातच्या सुमारास काकू काम सोडून उभी राहायची, देवघराच्या बंद दाराकडे बघायची आणि परत लॅपटॉपकडे वळायची. माणसाची आठवण येणं मला माहीत होतं. देवाची येते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आणि आम्ही पेरूला गेलो. काकांच्या फ्रिजवर वर्षानुवर्षं एक चित्र लावलेलं होतं: इंका लोकांचं डोंगरावरचं जुनं शहर, माचू पिचू, मागे सुळका. रिटायर झालो की तिथे थर्मासमधला चहा घेऊन नुसतं बसायचं, एवढीच त्यांची योजना होती. जूनच्या सुट्टीत ईशाने ते चित्र काढून काकूच्या ताटाशेजारी ठेवलं. काकू म्हणाली, "चल, त्यांचं तरी होऊ दे." मला सोबत घेतलं.

प्रवासाचं वर्णन करत नाही. पृथ्वीच्या अर्ध्या वळशाएवढा आहे, तेवढं पुरे. कुस्कोहून एका दिवसाची सहल घेतली होती. पहाटे गाडी, मग उरुबांबा नदीच्या काठाने जाणारी रेल्वे, मग वळणावळणाने वर चढणारी बस. वर फाटकाशी आमची गाइड उभी होती, साबिना नावाची, माझ्याच वयाची, हातात छोटं निशाण. आणि बाकी काही नव्हतं. म्हणजे खरोखर काही नव्हतं. धुकं. चित्रात दिसतं ते शहर, तो सुळका, सगळं पांढऱ्यात बुडालेलं. पायाखालचा दगड दिसायचा, पुढच्या माणसाची पाठ दिसायची, मध्येच एखादा लामा, तिकडचा लांब मानेचा लोकरी प्राणी, उगवायचा आणि नाहीसा व्हायचा. साबिना चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या भिंती दाखवत होती, पायऱ्यापायऱ्यांची शेतं दाखवत होती, आणि आम्ही तिच्या शब्दावर विश्वास ठेवत होतो. काकू ते चित्र पर्समध्ये घेऊन आली होती. तिने ते काढलं, समोरच्या पांढऱ्याशी ताडून पाहिलं आणि परत ठेवलं. म्हणाली, "आपल्याला दाखवायचं नाहीये." कोणाला, ते तिने सांगितलं नाही. मला मात्र त्या 'आपल्याला' शब्दात चैत्रातली चटई दिसली. इथेही कोणीतरी तिला ओलांडून पुढे गेलं होतं.

शहराच्या अगदी पलीकडच्या टोकाला एक प्रचंड उभा दगड आहे. भिंतीसारखा, पण वरची कड डोंगरासारखी खालीवर झालेली. काकू तो बघून थबकली. "अगं, हा तर तांदळा," ती म्हणाली. कोकणात तिच्या माहेरची देवी अशीच आहे, न घडवलेला दगड, डोळे-नाक नसलेला. साबिना म्हणाली की मागच्या डोंगराची जी कड आहे तीच या दगडाची आहे. आमच्या सहलीच्या गटातल्या एका ऑस्ट्रेलियन मुलाने विचारलं, कुठला डोंगर? साबिना हसली. तो आहे, म्हणाली; आज दिसत नाही म्हणून तर दगड बघायचा.

मग तिने कमरेच्या विणलेल्या पिशवीतून कोकाची पानं काढली. ही पानं तिकडे चहात घालतात, चघळतात आणि डोंगराला वाहतात. तीन पानं एकत्र धरायची, त्यांवर फुंकर घालून डोंगराची आठवण काढायची आणि दगडाच्या पायाशी ठेवायची. सगळ्यांच्या वतीने एकीने केलं तरी चालतं, गटात वयाने मोठी आई असेल तिने करावं. तिची नजर फिरत फिरत काकूवर थांबली. तिने पानं पुढे केली.

काकू एक पाऊल मागे सरकली. इतकी सवयीने, की मला ते आधी कळलंच नाही. स्वच्छ इंग्रजीत तिने साबिनाला सांगितलं, "मी नको. मी विधवा आहे."

साबिनाने मान डोलावली आणि थांबली. हात तसाच पुढे. ती वाक्य पूर्ण व्हायची वाट बघत होती. 'मी विधवा आहे' हे ऐकून झालं होतं. आता कारण काय ते काकू सांगेल, असं तिला वाटत होतं. अखेर साबिना म्हणाली, "बरं. मग?"

काकूकडे पुढचं वाक्य नव्हतं. मीसुद्धा मनात शोधलं, माझ्याकडेही नव्हतं. साबिनाला वाटलं असावं की आपलं इंग्रजी कमी पडतंय, म्हणून ती सावकाश म्हणाली, "माझी आई पण विधवा आहे. आमच्या घरी तीच करते." आणि पानं काकूच्या तळहातावर ठेवली.

चैत्रापासून मी काकूच्या 'चुकलं माझंच' या एका वाक्याला उत्तरं लिहीत होते. इतिहास काढला, कायदा काढला, समानता काढली. आणि एका अनोळखी मुलीने, ज्या गोष्टीशी तिला काही घेणंदेणं नव्हतं तिथे, एक 'मग?' ठेवून दिला. तिला तो टोमणा म्हणून म्हणायचा नव्हता, उपकार म्हणूनही नाही. तो तिच्या तोंडून कोणी वदवला का, असं मला विचाराल तर मी वाद घालणार नाही. मला एवढंच माहीत आहे की मी जे मागण्यांनी मिळवू शकले नव्हते, ते न मागता हातावर येऊन पडलं होतं.

काकूने पानं नीट जुळवली. विडा ठेवताना आपण करतो तशी देठं देवाकडे केली. साबिनाच्या रीतीत तसं असतं की नाही कोण जाणे, तिने काही सुधारलं नाही. मग काकूने तिन्हींतलं एक पान ईशाला दिलं, एक मला. मला म्हणाली, "तू पण माग काहीतरी. तुला मागायची सवय आहे." ईशा फिसकन हसली. मी पान घेऊन उभी राहिले. आयुष्यभर मागण्या लिहिल्या, क्रमांक घालून लिहिल्या, आणि त्या दगडासमोर एकही सुचेना. फक्त काका आठवले, त्यांचा आरतीतून बघणारा डोळा. मी पानावर फुंकर घातली. पहिल्यांदाच कोणाकडे काही न मागता मी कोणापुढे वाकले. काकूचे ओठ हलत होते. काका रोज सकाळी म्हणायचे ते स्तोत्र होतं. तिने ते काका गेल्यापासून म्हटलं नव्हतं.

त्यानंतर धुकं थोडं हललं. थोडंच. शहर दिसलं नाही, सुळका तर नाहीच. पण दगडाच्या मागे डोंगराचा एक खांदा वर आला, काळपट हिरवा, आणि त्याची कड दगडाच्या कडेशी तंतोतंत जुळत होती. लोकांनी कॅमेरे काढेपर्यंत मिटून गेला. अशा जागी धुकं दिवसभर हलतच असतं, हे मी जाणते. तरीही काकू म्हणाली, "होता की मागे," आणि ती डोंगराबद्दल बोलत होती की आणखी कोणाबद्दल, हे मी विचारलं नाही. बाहेर आल्यावर फाटकाजवळच्या कट्ट्यावर आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो, नुसतं बसून. बस उतरायला लागल्यावर काकूने खिडकीतून तोंड न वळवता विचारलं, "काय गं, मूर्तीची ऑर्डर द्यायची मुदत संपली का?"

संपली नव्हती.

त्या वर्षी पुंगोलच्या घरात काकूने गणपती बसवला. स्वतः पाटावर बसून, स्वतः पूजा सांगत. ब्लॉकमधल्या, मंडळातल्या सगळ्या बायकांना बोलावलं, चैत्रातल्या त्या बाईलाही. आरतीआधी ईशाने करंडा घेतला आणि सरळ आईच्या कपाळाला कुंकू लावलं. काही म्हणाली नाही, लाहसुद्धा नाही. दोघी बायका काम आठवून उठून गेल्या. जाऊ देत. मग करंडा काकूने घेतला आणि ओळीने निघाली. त्या बाईपाशी पोचली. बाईने काकूच्या बोटाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं. काकूने लावलं. तिच्या शेजारी मंडळातल्या एक वयस्क वहिनी बसल्या होत्या, त्यांचे यजमान कधीचेच गेलेले. काकूने त्यांनाही लावलं, त्या रडल्या. आरती सुरू झाली. काकांची जागा रिकामी होती आणि ती तशीच राहणार आहे. ती कशाने भरत नाही, हे मी शिकले. मी स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आले आणि टाळ्या वाजवल्या.

माझा राग गेलेला नाही, आणि मला तो जायला नकोय. पण रागाच्याही पलीकडे एक हात पुढे आलेला असतो, आणि कधीतरी आपण फक्त तळवा उघडा ठेवायचा असतो, हे त्या डोंगराने मला दिलं. त्याची मी ऋणी आहे, साबिनाची आहे, आणि ज्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही त्याचीही.

आता तुम्ही. येत्या चैत्रात तुमच्या हातात करंडा असेल. ओळीत एक कपाळ असं येईल जिथे तुमचं बोट थबकेल. कोणीतरी कानाशी सांगेल की ती विधवा आहे. तुम्ही फक्त विचारा, "मग?" आणि कुंकू लावा.