भागीरथाबाईंचं हैदराबाद

हिंगणघाटच्या हरिदास थूलांनी तीस वर्षं हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवला. जाताना कापसाच्या गाठी, येताना मिळेल तो माल. मेघा जन्मली तेव्हा ते निर्मलच्या घाटात होते. मुलगी झाल्याचं त्यांना घरी परतल्यावरच कळलं. बायको भागीरथाबाई त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. हैदराबाद मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मेघा नर्स झाली, हैदराबादलाच स्थायिक झाली. बाळंतपण जवळ आलं तेव्हा तिनं आईवडिलांसाठी विमानाची तिकिटं काढली. नागपूरहून सव्वा तासाचं अंतर.

हरिदासांना ते पटलं नाही. "विमान पकडाले आधी उलटं नागपूरले जा, तिथं बसून राहा. मंग ते जाते आपल्याच डोक्यावरून. तवापर्यंत मी अर्धा रस्ता कापतो."

"मी विमानानंच जाऊन राह्यली," भागीरथाबाई म्हणाल्या. "तुमी या तुमच्या रस्त्यानं."

वर्ध्यापलीकडं त्या एकट्या कधी गेल्या नव्हत्या. पुतण्यानं विमानतळावर सोडलं, पुढचं त्यांनी विचारत विचारत निभावलं. हरिदास त्याच सकाळी बसनं निघाले. पैनगंगेच्या पुलाआधी एक कंटेनर आडवा झाला होता, गाड्यांची रांग हलेना. दुपारी तिथंच फोन आला.

"मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत. मी होती जवळ."

हरिदास फोन कानाला धरून बसमधून खाली उतरले. मग म्हणाले, "मेघाले फोन देजो."

"झोपली हाय ते. तुमी सावकाश या."

महिनाभरानं परतायची वेळ आली. मेघा पुन्हा विमानाची तिकिटं काढायला बसली, तेव्हा भागीरथाबाईंनी तिला थांबवलं. "मले रस्त्यानं जायचं हाय."

"काऊन?" हरिदासांनी विचारलं.

"वरून नुसते ढग दिसले. तुमी इतके वर्षं कुठं राह्यत होते, ते पाह्यचं हाय."

बसमध्ये हरिदासांनी त्यांना खिडकी दिली. नव्या रस्त्यानं गावं बाजूला टाकली होती, जुने ढाबे बहुतेक बंद पडले होते. हरिदास बोट दाखवायचे, तोवर जागा मागं पडायची. घाट लागल्यावर ते म्हणाले, "इथं होतो. मेघा झाली तवा."

बाहेर सागाचं जंगल होतं, कठड्यावर माकडं बसली होती.

"एकटेच?"

"क्लिनर होता. झोपला होता."

"भेव लागे का?"

"घाटाचं नाई. घरचं लागे. फोन कुठं होते तवा."

भागीरथाबाई वळण संपेपर्यंत बाहेर बघत राहिल्या. मग डबा उघडून त्यांनी हरिदासांच्या हातात भाकर दिली.

आता नात चालायला लागली आहे. हरिदासांचे गुडघे बसमध्ये आखडतात, म्हणून ते विमानानं जातात. भागीरथाबाई आदल्या दिवशी बसनं निघतात. वाटेतल्या पाटणबोरीच्या चहावालीशी त्यांची ओळख झाली आहे.