निम्म्या भावाचा समुद्र

दुपारचं जेवण झालं की मी जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्याला पाठ टेकते. डोळा लागतो न लागतो तोच पलीकडून कुणीतरी म्हणतं, "आई, सरक की."

हर्षाली आहे. माझी मुलगी. तिला जाऊन चौदा महिने झालेत, हे मला झोपेतही ठाऊक आहे. तरी मी सरकते.

"अजून भांडी देऊन कपडे गोळा करतेस?"

"मग काय, तू शिकवलेली अक्षरं वाचून पोट भरतंय होय?"

ती हसते. तिच्या दंडावर सुयांचे डाग नाहीत. गठ्ठ्यांच्या आता दवाखान्यातल्या खाटा झाल्यात. रक्त शुद्ध करणारं यंत्र घरघरतंय. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास ती त्याला जोडलेली असायची. मांडीवर जुना लॅपटॉप. त्यावर तिला एक गेम हवा होता. समुद्राच्या तळाशी नुसतं पोहत फिरायचं. किंमत चोवीसशे.

"तेव्हा मी काय म्हटलं होतं गं?"

ती माझाच आवाज काढते. "'पहिल्या भावाला घेतलं तर खुळं समजतात. पाठ फिरव, चार पावलं चाल, हाक मारतोय बघ.' आई, तिथं हाक मारायला माणूसच नव्हता."

"पण उतरला की भाव. निम्मा झाला."

"कधी?"

तिचं तेरावं झाल्यावर चार दिवसांनी तिच्या फोनवर तसा निरोप आला. एकेक अक्षर लावत मी तो वाचला. जन्मभर घासाघीस करून जिंकत आले. तेव्हाही जिंकले.

"चोवीसशेच्या लायकीचा होता का गं तो?"

"मला काय माहीत? खेळले कुठं?"

खाटांखालून पाणी चढतंय. निळं, कोमट. ती माझ्या हातात गेमचा रिमोट देते, माझा अंगठा धरून एका बटणावर ठेवते.

"दाबून धर. सोडलंस की वर येशील."

आम्ही खाली जातो. माशांचा थवा आमच्यातून वाट काढतो. ती पुढं पोहतेय, दंडाला नळी नाही, दम लागत नाही. तिला एवढं लांब जाताना मी कधी पाहिलेलं नाही.

"हर्षे, थांब! पूर्ण पैसे देते मी. आत्ता देते."

"मी कुठं भाव सांगितला?" ती वळूनही बघत नाही.

तिला धरायला मी हात पुढं करते. बटण सुटतं.

गल्लीत कुणाचा तरी कुकर शिट्टी देतोय. मी गठ्ठ्यावर उठून बसते. उजव्या अंगठ्यावर गोल खळगा पडलाय, पांढरा, खोल. काही रुतलं असेल म्हणून मी गठ्ठा सोडते, एकेक कपडा झटकते. नुसत्या सुती साड्या. एकही बटण नाही.

उन्हं उतरतात, तरी तो खळगा भरत नाही.