गिरणीत सापडलेला खुनी

"थांबा आक्का, खुनी कोण ते सांगू नका," असं म्हणून हवालदार आधी वहीवर पंजा ठेवायचे आणि मगच वाचायला लागायचे.

कोरेगावात आमची पिठाची गिरणी आहे. वीज गेली की गिऱ्हाईक डबे ठेवून घरी जातं. हवालदार नेमके तेव्हाच यायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, समोरच्याचा मोकळा वेळ हेरणारी.

लष्करातून निवृत्त झाल्यावर ते रहस्यकथा लिहीत. शंभर वर्षांपूर्वीचा सातारा, एक खून आणि तो शोधून काढणारे एक खरेखुरे कवी. नाव सांगत नाही. त्यांची कविता पाठ झाली नाही म्हणून चौथीत मी छड्या खाल्ल्यात. कवी त्या महिन्यात खरंच साताऱ्यात होते का, हे बघायला हवालदार एसटीनं ग्रंथालयात जायचे. नसले तर खून पुढच्या महिन्यात.

"माणूस मेलाय, आन तुमी तारीख बदलताय?"

"कवी खरे हायत, आक्का. त्यांना खोटं कुठं नेता येत न्हाई. मढं माझं हाय, ते थांबतंय."

एका कादंबरीत कचेरीतला कारकून मेला. त्याची बायको म्हणाली, मी भर दुपारी जात्यावर दळत होते, मला काही ऐकू आलं नाही. कवींनी मान डोलावली. मी डोलावली नाही.

"बाई खोटं बोलतीय."

"न्हाई वं, ती बिचारी. खुनी वैद्य हाय," हवालदार बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"दळण पहाटेचं असतंय. भर दुपारी कोण दळतंय? आन जात्याची घरघर साऱ्या आळीला जाती. कुणी ऐकली का, हे तुमच्या कवीनं इचारलं का?"

चूक हवालदारांची होती. त्यांनी जातं कधी ओढलंच नव्हतं. टोपी काढून डोकं खाजवलं, मग हसत सुटले. तीन आठवडे फिरकले नाहीत. आले तेव्हा वैद्य सुटला होता, कारकुनाची बायको सापडली होती आणि जात्याची गोष्ट कवींना शेजारची एक म्हातारी समजावून सांगत होती.

"ही मी का?"

"छे. ती गोड बोलती."

सात वह्या भरल्या होत्या, छापली एकही नव्हती. ही मात्र सांगलीच्या एका प्रकाशकाला आवडली. त्याची अट एकच, म्हातारी काढा. एवढ्या मोठ्या कवीला दळणारी बाई शिकवते, हे लोकांना रुचणार नाही. हवालदार वही घेऊन परत आले.

मी म्हणाले, "काढा की. पुस्तक तरी निघंल. मला काय त्याचं?"

"कवींना ते ठावकी नव्हतं आक्का. मलाबी नव्हतं. मग कुणी सांगितलं म्हणून लिवू?"

मी वाद घातला. त्यांनी ऐकलं नाही. पुस्तक निघालं नाही.

पुढं ते लेकीकडं गेले आणि गेल्या साली तिथंच वारले. लेकीनं ती वही माझ्याकडं पाठवली. ओळीखाली बोट धरून मी ती सगळी वाचली. शेवटच्या पानावर कवी उठून उभे राहतात आणि म्हातारीला तिचं नाव विचारतात. पुढं हवालदारांनी जागा कोरी ठेवलीय.

सुनेकडून पेन मागितलं आणि माझं नाव लिहून टाकलं. अक्षर जरा मोठं आलं. ओळीत मावलं नाही.