काळ्या पडद्यावर सापडलेले मिठागर

प्रभाकर सरांची पहिली ओळख नौपाड्यातल्या वाचनालयात झाली. निवृत्तीनंतर सर तिथे शनिवारी आमच्यासारख्या वयस्कांना कॉम्प्युटर शिकवू लागले, आजही शिकवतात. मी पुस्तक बदलायला गेले होते. "वहिनी, दारात का उभ्या? आत चहा आहे," असे म्हणून त्यांनी खुर्ची पुढे केली.

माझे यजमान घरच्या कॉम्प्युटरवर ठाण्याच्या खाडीकाठच्या मिठागरांवर पुस्तक लिहीत होते. रोज नवी फाइल, नाव काहीतरीच. सोसायटीच्या नोटिसा, वीजबिलाच्या तक्रारी, सगळे त्याच फोल्डरमध्ये. ते गेल्यावर मुलाने फाइली उघडून पाहिल्या.

"आई, नुसती वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं आहेत गं. कचरा झालाय. देऊन टाकू हे मशीन."

मी ते मशीन रिक्षात घालून सरांकडे नेले. सरांनी बराच वेळ पाहिले. "कचरा नाही, वहिनी. जुना मराठी फाँट आहे. तो मशीनवर नसला की मराठी अशी इंग्रजी अक्षरांत दिसते."

एकेक फाइल उघडत बसले असते तर माझा जन्म पुरला नसता. नुसत्या आज्ञा टाइप करायचा एक काळा पडदा असतो, त्यावर सरांनी 'ग्रेप' ही शोधायची आज्ञा शिकवली. एक शब्द द्यायचा, तो ज्या ज्या फाइलीत असेल तिचे नाव पुढे येते. मी 'मिठागर' टाइप केले. काहीच आले नाही. माझा चेहरा पडला.

"तुम्ही आजच्या मराठीत विचारताय," सर म्हणाले. "त्यांनी ज्या अक्षरांत लिहिलं, त्याच अक्षरांत विचारा."

शिकणाऱ्याच्या कीबोर्डला सर कधी हात लावत नाहीत. हात पाठीमागे बांधून उभे राहतात. मी म्हटले, "सर, तुम्हीच करा ना."

"मी शोधलं तर ते माझं होईल. त्यांचं लिखाण तुम्ही शोधा."

मी जुन्या फाँटमध्ये शब्द लिहिला, त्यामागची वेडीवाकडी अक्षरे जशीच्या तशी ग्रेपला दिली. पडद्यावर फाइलींची नावे भराभर उतरू लागली. पहिलीच त्या जुन्या फाँटमध्ये उघडली: 'मिठागरातल्या माणसाला पावसाळा म्हणजे सुट्टी.' हे वाक्य मी जेवताना कितीदा ऐकले होते. सर खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

ते पुस्तक छापून झाले. आज ते त्याच वाचनालयात आहे, आणि बहुधा जागेवर नसते, कोणीतरी वाचायला नेलेले असते. मुलाने प्रस्तावनेत सरांचे आभार मानले आहेत.

सर, पंचाहत्तरीनिमित्त एकच मागणे. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि आमच्या खुर्चीमागे तुम्ही असेच हात बांधून उभे राहा.